गळ्यातली नळी बेडवरच टाकणार म्हणतायत, ऑपरेशन थिएटर नको का?

जागरण_चालू: बाबा आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत, तोंडातून नळी आहे, आता डॉक्टर म्हणतायत ट्रेकिओस्टॉमी (गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी) करावी लागेल आणि ती बेडवरच करू. मला तर सिनेमात पेनाने गळ्याला भोक पाडतात तेच डोळ्यासमोर येतंय. आणि आवाज कायमचा जातो का?

कानघसा: (ईएनटी रेसिडेंट आहे) सिनेमातलं ते वेगळंच. कंठमण्याच्या जरा खाली पातळ पडदा असतो, श्वास पूर्ण अडकलाय आणि वरून नळी जातच नाही अशा वेळी तिथे कापतात, त्याला क्रायकोथायरॉइडोटॉमी म्हणतात, आणि पेनाने वगैरे नाही हो, स्काल्पेलने. तुमच्या बाबांची त्याच्याही खाली, श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कडीजवळ होईल. बेडवरची म्हणजे परक्युटेनियस, आधी सुई मग त्यातून गाइडवायर (बारीक तार) मग डायलेटरने वाट हळूहळू रुंद करून नळी, बहुतेक वेळा आतून ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या कॅमेऱ्याने) बघत बघत. सियाग्लियाने १९८५ मध्ये मांडलेली पद्धत आहे, जुगाड नाही.

भूलभुलैया: बरोबर, पण सगळ्यांना चालते असं नाही. मान आखूड-जाड असेल, गळ्यावर गाठ असेल, आधी मानेचं ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त नीट गोठत नसेल तर ओपन (गळ्याला चीर देऊन केलेली) बरी पडते. यातलं बाबांना काही आहे का ते सरळ विचारा.

जागरण_चालू: मान तर बारीकच आहे. मग लवकर उरकलेलं चांगलं ना?

भूलभुलैया: तसं काही नाही. ब्रिटनमध्ये ट्रॅकमॅन ट्रायल झाली होती, २०१३ ला छापून आली, चार दिवसांच्या आत केली काय आणि दहा दिवसांनंतर ठरवलं काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. उलट थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची ती झालीच नाही. म्हणून "आत्ताच का" हा प्रश्न नक्की विचारा, डॉक्टर चिडणार नाहीत (चिडले तरी विचारा).

रात्रपाळी_सिस्टर: आवाजाचं सांगते. नळी स्वरयंत्राच्या खाली असते, कफ (म्हणजे नळीभोवतीचा फुगा, खोकल्यातला कफ नव्हे) फुगवलेला असला की हवा वर जातच नाही म्हणून बोलता येत नाही, स्वरयंत्र शाबूत असेल तर बहुतेकांचा आवाज परत येतो. पुढे बोलण्यासाठी स्पीकिंग व्हॉल्व्ह (फक्त आत उघडणारी झडप) लावतात, पण तो लावण्याआधी कफची हवा पूर्ण काढलेलीच पाहिजे, नाहीतर श्वास आत जातो आणि बाहेर यायला वाटच नसते. आणि पहिले सात-दहा दिवस नळी निसटू देऊ नका, वाट पक्की झालेली नसते, भोक पटकन मिटतं. कूस बदलताना एकाने फक्त नळीच धरायची.