अॅल्युमिनाची पेस्ट बोहेमाइट जेलने कुणी काढलीय का?

सोऱ्यावाला
मंडळी, अॅल्युमिनाच्या (म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पावडरच्या) ४ मिमीच्या कांड्या काढतोय, हाताने फिरवायचा स्क्रू प्रेस आहे, म्हणजे शेवेचा सोऱ्याच समजा, फक्त स्टीलचा. बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकटा, म्हणून मिथाइल सेल्युलोज घातलं की कांडी झकास निघते पण भट्टीत २०० ते ४०० डिग्रीला ते जळताना फुगे येतात, तडे जातात. बोहेमाइट (अॅल्युमिनियमचंच, पाणी धरून असलेलं ऑक्साइड) वापरलं तर जाळायचं काही उरत नाही, म्हणून ते पाण्यात कालवून घातलं, तर दाब दिला की तोंडातून नुसतं पाणी येतं आणि पावडर आत दगडासारखी बसते. काय चुकतंय?

भट्टीकर
आम्ल घातलंत का? नुसत्या पाण्यात बोहेमाइटचा गाळच राहतो, जेल होत नाही. पातळ नायट्रिक घाला, बोहेमाइटच्या वजनाच्या २-३ टक्क्यांपासून सुरुवात करा. कणांवर धन प्रभार येतो, ते एकमेकांना ढकलतात, गुठळ्या फुटून सोल (पाण्यात तरंगत्या बारीक कणांचं मिश्रण) होतो आणि मग तोच घट्ट होत जातो. मळून झाकून रात्रभर ठेवा, कणकेसारखं. भाजताना तपकिरी धूर निघतो, विषारी असतो, एक्झॉस्ट हवाच. अॅसेटिकही चालतं.

चिनीमाती
वरचं बरोबर, पण पावडर जाड असेल तर जेल असूनही पाणी पुढे पळेल कारण कणांमधल्या वाटा मोठ्या. त्यात लोक घाबरून हळूहळू दाबतात, आणि हळू दाबलं की पाण्याला पळायला जास्त वेळ मिळतो! बारीक पावडर थोडी मिसळा, न थांबता दाबा, तोंड सपाट असेल तर आतून उतरतं करून घ्या.

जुना_खेळाडू
'जाळायचं काही उरत नाही' हे अर्धंच खरं हां. सेंद्रिय काही नाही, पण बोहेमाइटमधलं पाणी ५०० डिग्रीपर्यंत निघून जातं, वजनाच्या १५ टक्के, आणि पुढे ११००-१२०० ला अॅल्युमिनाच्या गॅमा रूपाचं अल्फा रूप होताना परत आकसतं. म्हणून ते बाइंडरपुरतंच ठेवा, मी ५ ते १० टक्क्यांच्या वर जात नाही. आणि वाळवताना घाई नको, जेलची छिद्रं इतकी बारीक की पाणी जाताना ओढ प्रचंड बसते, पंख्याखाली ठेवलंत तर भट्टीच्या आधीच तडे.

सोऱ्यावाला
आम्ल घातलंच नव्हतं 😅 काल घालून रात्रभर ठेवलं, आज सकाळी सलग हातभर कांडी निघाली, पाणी अजिबात नाही. पण वाळताना केळ्यासारखी वाकतेय.

चिनीमाती
वरची बाजू आधी वाळतेय. पन्हाळीच्या पत्र्यात ठेवा, वर प्लास्टिक झाका आणि पहिला दिवस दर तासाला थोडी फिरवा.