पळायला पुणे बरं की सातारा?

पळपुटा४२: बदलीसाठी दोन्ही पर्याय आहेत. रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो. कुठं जाऊ?

घाटकरी: डोळे झाकून सातारा! गाव संपतं न संपतं तोच यवतेश्वरचा घाट लागतो. चढाला पोटऱ्या बोलायला लागतात, पण वळणावर खाली अख्खं शहर आणि समोर अजिंक्यतारा. हिल मॅरेथॉनही २०१२ पासून याच घाटात होते. पावसाळ्यात मात्र धुकं असतं. मी कमरेला सायकलचा लाल दिवा अडकवतो. (बायको काजवा म्हणते.)

टेकडीवाली: पुण्यात डांबर सोडा, वेताळ टेकडी धरा. मातीची वाट, गुडघे खूश. मोर फुकट.

पळपुटा४२: साताऱ्यात कुत्री?

घाटकरी: आहेत ना. खिशात ग्लुकोजची बिस्किटं ठेवा. आठवडाभर ती माझ्यामागे पळाली, आता सोबत पळतात.