पोरांच्या हातात सुई-दोरा: तुम्ही काय काय शिवून घेतलं?

मे महिन्यात जळगावला सकाळी अकरानंतर पोरांना अंगणात सोडायची सोय नाही. पारा ४५ च्या आसपास, कूलरसमोर मोबाईलवरून मारामाऱ्या. अशा दुपारी आमच्याकडे शिवणाचा डबा निघतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ चा. तुम्हीही लिहा: वय काय, कापड कोणतं, काय शिवलं, आणि ती वस्तू नंतर कुणी वापरली का. हे शेवटचं नक्की लिहा, कारण शोभेच्या वस्तूंनी माझं कपाट भरलंय!

सुरुवात मीच करते. सगळ्यात जास्त वापरात आहे ती जुन्या पँटच्या पायाची पिशवी. पायाचा खालचा वीतभर तुकडा कापायचा, उलटा करायचा, कापलेली बाजू उलट्या टिपेनं बंद करायची. पँटची मूळची दुमड हेच नाडीचं घर. तिथली शिलाई एका जागी बोटभर उसवायची, नाडीला सेफ्टीपिन लावायची आणि आतून सरकवत फिरवून आणायची. पिन कुठवर पोचली ते मुलगा कापडावरून बोटानं चाचपत होता, तेवढा वेळ घरात शांतता. त्यात आता गोट्या असतात.

भुसावळ. ६ वर्षांच्या मुलाला नेहमीची सुई देऊ नका. लोकरीची बोथट सुई मिळते, नेढं मोठं असतं, पोर स्वतः ओवतं. कापड दोसुती. वीण मोकळी, सुई कुठे घालायची ते डोळ्यांना दिसतं. आमच्या लेकीनं ५ व्या वर्षी दोसुतीवर नुसता धावदोरा घालून ताटाखालचा रुमाल केला. तिरका आहे. रोज वापरतो. टेरीकॉट मात्र अजिबात नको, घसरतं आणि पोरं वैतागतात.

अमळनेर, आजीच्या वतीनं नातू लिहितोय. आजी गोधडी शिवते, पण आता तिला नेढं दिसत नाही. लहानपणी माझं काम एकच: ओळीनं सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या. मी कधी लांबलचक दोरा ओवला की ती म्हणायची, “हातभर दोरा ले, मंग गुता नही व्हस.” आता माझ्या मुलीकडून ती बाहुलीची गोधडी शिवून घेतेय. वर-खाली जुन्या पातळाचे तुकडे, मध्ये जुनं धोतर. आधी लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवते, मग कडेपासून आत धावदोऱ्याच्या ओळी. कच्चा टाका गाळला की मधला थर गोळा होतो. बाहुली कुठे हरवली ठाऊक नाही, गोधडीवर मांजर झोपतं.

धुळे, टेलरिंगचं दुकान. ताई, कातरण विकत आणू नका. कुठल्याही टेलरकडे मागा, पोतं भरून मिळेल. मांजरपाट नवं घेतलंत तर आधी भिजवून वाळवा. खळ निघते, कापड आटायचं ते आटून जातं.
मशीनबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पायमशीनवर पोराला दोरा न ओवता बसवा. वहीचं रेघांचं पान सुईखाली ठेवा आणि रेघेवर भोकं पाडत जायला सांगा. वळण आलं की सुई कागदात रुतवून, मशीनचा पाय उचलून कागद फिरवायचा. कागदानं सुई बोथट होते, म्हणून त्यासाठी जुनी सुई वेगळी ठेवा. पोरं चाक उलटं फिरवतात, तिथे दोरा तुटतो. चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे. आधी आठवडाभर कागद, मग कापड.

चाळीसगाव. दादा, लहान मुलांना मशीन नकोच असं माझं मत. बोटावरून सुई गेली की संपलं.

धुळे, तोच. १० च्या आत मीही बसवत नाही. आणि शेजारी मोठं माणूस हवंच.

चोपडा. घरचा कापूस असला तर भरावाचा खर्च नाही. वेचणी झाली की पोरं ओट्यावर बसून सरकी काढतात, बोटांनी कापूस पिंजतात. न पिंजता भरला तर उशीत गाठी होतात. गेल्या खेपेला बापाच्या जुन्या शर्टाची उशी केली. शर्टाचा पुढचा बटणपट्टीचा भाग आणि पाठ एकमेकांवर घेऊन चौकोन कापला, बटणं लावलेलीच ठेवून चारी बाजू आतून टिपल्या. मग बटणं सोडून तिथूनच उलटा केला, तिथूनच आत उशी घातली. काज करायची कटकट नाही. खिसा वर येईल असं कापलं, तर पोरगं त्यात रात्री पेन्सिल ठेवतं.

पारोळ्याचं माहेर, सध्या पुण्यात. पोळ्याला मातीच्या बैलांची झूल! श्रावणी अमावास्येच्या आठवडाभर आधी लेकाला घेऊन बसते. बैलाच्या पाठीवर वर्तमानपत्र टाकून माप घ्यायचं, दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत. लाल कापड, कडेनं काजटाका, वरून उरलेली जरीची पट्टी, मध्ये शर्टाचं तुटकं बटण. काजटाक्यात प्रत्येक वेळी दोऱ्याचा फास सुईखाली राहिला पाहिजे, त्याला ते जमायला दोन बैल लागले. तिसऱ्या बैलाची झूल आजीकडे पाठवली, त्यांनी ती पूजेत ठेवली. इथल्या सोसायटीत कुणाला पोळा ठाऊक नाही, तरी पोरं झूल बघायला येतात.

नंदुरबार, शिक्षिका. वर्गात वस्तूंपेक्षा बटण शिकवणं कामाचं ठरलं. मुलगे-मुली सगळे. बटण आणि कापडाच्या मध्ये आगकाडी ठेवायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, शेवटी काडी काढून खाली दोऱ्याचे दोन वेढे. त्यानं बटणाला मान राहते, जाड कापडातही लागतं. आता गणवेशाचं बटण तुटलं की मुलं आईकडे न जाता माझ्या टेबलावरची सुई मागतात. सुया मोजून देते, मोजून घेते.

जामनेर. चिंचोके भरलेल्या, खेळात फेकायच्या थैल्या. ज्वारी भरू नका, पावसाळ्यात पोरकिडे होतात. बास.

रावेर. माझी मुलगी डावखुरी आहे. मी दाखवते ते तिच्या हातात उलटंच होतं, दोघी चिडतो. कुणाकडे उपाय?

धुळे, टेलरिंगचं दुकान. शेजारी नका बसू, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं तुमचा उजवा हात तिच्या डाव्यासमोर येतो. कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तेवढी घ्याच. साध्या कात्रीचं पातं तिच्या डोळ्यांपुढची खडूची रेघ झाकतं.