रेशनच्या दक्षता समितीचा खरंच उपयोग होतो का?

जिंतूरकर: आमच्या गावात रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी ही समिती कागदावर हाय पण बैठक झालेली मला तरी आठवत नाही, आजीचं कार्ड अंत्योदयचं, म्हंजे सगळ्यात गरीब घरांचं, ३५ किलो यायला पाहिजे तर पोतं दर वेळी हलकंच लागायलंय. लोकांनी हातात घेतलं तर काही होतं का?

औशाची ताई: होतं की भाऊ! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच दुकानाच्या पातळीवर समिती अन् सामाजिक अंकेक्षण, म्हंजे लोकांनीच कारभार तपासणं, लिहिलंय. ग्रामसभेत विषय मांडा, ठरावात घ्यायला लावा. आमच्याकडं बचत गटाच्या बाया वाटपाच्या दिवशी काट्यापाशी उभ्या राहायल्या, दोन महिन्यांत माप सुधारलं.

परभणीचे मास्तर: ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या मशीनवर, अंगठा दिला की पावती मागाच, किलो तिच्यावर असतात. आजीला एकटं पाठवू नका.

जिंतूरकर: येत्या ग्रामसभेत बोलतो, आजीलाबी नेतो.