अमेरिकेचा सर्वांत थोर राष्ट्राध्यक्ष कोण? तुमचा अनुभव सांगा

लेक नववीत आहे. शाळेत तिला या विषयावर बोलायचं होतं आणि आमच्या घरी तीन दिवस वाद चालला. मी लिंकन, नवरा फ्रँकलिन रूझवेल्ट, सासूबाई केनेडी. म्हणून इथे विचारते. क्रमवारी नको, तुमचं मत कुठे आणि कशामुळे बनलं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. बाबा पहिल्यांदा इकडे अमेरिकेत आले तेव्हा त्यांना वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकाला नेलं. तिथे दक्षिणेच्या भिंतीवर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण कोरलंय, पावणेतीनशे शब्दांच्या आतलं. बाबा मराठीचे शिक्षक. चष्मा पुसत पुसत त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलं, आठवतंय ना? गुलामांना मुक्त करणाऱ्या याच देशातल्या लोकांना." वर्गात कितीदा सांगितलेली गोष्ट, पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. लिंकनचा १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरता होता, हे लेकीने मला ऐकवलं. खरं आहे. पण गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती काँग्रेसमधून, म्हणजे इथल्या संसदेतून, पार पडावी म्हणून लिंकन झटला, आणि डिसेंबर १८६५ मध्ये ती मंजूर झाली तेव्हा तो हयात नव्हता.

नॉक्सव्हिल, टेनेसी
रूझवेल्ट. आमच्या शेजारच्या आजी लहानपणी शेतावर राहायच्या. घरात पहिला दिवा लागला त्या रात्री त्यांची आई रडली होती, असं त्या सांगायच्या. तेव्हा या देशात दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. रूझवेल्टच्या काळात, १९३३ मध्ये, धरणं बांधून वीज देणारं टेनेसी व्हॅली प्राधिकरण आलं आणि १९३६ मध्ये क्लिंच नदीवरचं नॉरिस धरण पूर्ण झालं. मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे पाहुणे आले की आधी तिथेच नेतो. आपलं दामोदर खोरे महामंडळ (१९४८) याच नमुन्यावर उभं राहिलं.

लॉस एंजेलिस
वरच्या दादांना एक विनंती. एकदा महामार्ग ३९५ ने मॅन्झनारच्या जुन्या छावणीला जाऊन या. रूझवेल्टच्याच सहीने, १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने, सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवलं. त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले नागरिक होते. मॅन्झनारच्या दफनभूमीत एक पांढरा स्तंभ आहे, मागे सिएरा नेवाडाचे डोंगर. स्तंभाशी कुणीतरी खेळणी ठेवली होती. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तिथून परतल्यावर रूझवेल्टला पहिला क्रमांक द्यायला माझं मन धजत नाही.

न्यू जर्सी
मी ७८ वर्षांची आहे, १९७१ मध्ये आले. माझा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला फक्त शंभर स्थलांतरितांचा कोटा मिळाला होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि देशावार कोटा मोडला. त्याच वर्षी काळ्या नागरिकांच्या मतदान हक्काचा कायदा झाला, म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअरही आलं. आज माझ्या गुडघ्याचं बिल मेडिकेअर भरतं. पण माझ्या कचेरीतल्या मैत्रिणीचा भाऊ जॉन्सनने वाढवलेल्या व्हिएतनाम युद्धात मारला गेला. तिच्याबरोबर मी वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या त्या काळ्या भिंतीपाशी गेले आहे. तिने नावावर कागद धरून पेन्सिल फिरवली, मी कागद धरून उभी होते. अठ्ठावन्न हजारांवर नावं आहेत तिथे. म्हणून थोर म्हणताना घशात अडकतं, तरी म्हणते.

बीड
काकू, आमच्याकडची जुनी माणसं अमेरिका म्हटलं की मिलोच काढतात. अमेरिकेतून आलेली, रेशनवरची ती लाल ज्वारी. भाकरी थापताना फाटायची, आजोबा ताटावरून उठून जायचे. हाच जॉन्सन १९६५ ते ६७ मध्ये भारताला धान्य महिन्या-महिन्याने मोजून सोडत होता. शेतीधोरण बदला आणि व्हिएतनामवर टीका करू नका, असा त्यामागे दबाव होता. दुष्काळ पडलेला असताना.

न्यू जर्सी
बाळा, मिलो मीही खाल्ली आहे, सोलापुरात. आई त्यात थोडं गव्हाचं पीठ मिसळायची, म्हणजे भाकरी जमायची. तू म्हणतोस ते मला मान्य आहे. लिंकनच्या खाली ठेव मग त्याला. पण त्या सहीशिवाय मी इथे नसते, माझी मुलंही नसती, म्हणून माझ्या यादीतून तो काढू नकोस.