मंडळाच्या ग्रुपवर वर्णावरून शेरेबाजी: तक्रार कशी हाताळायची? (बडोदा)

नवा_सचिव:
विद्यापीठातल्या एका सांस्कृतिक मंडळाचं सचिवपद माझ्याकडे आहे. सभासद साधारण सत्तर. बहुतेक मराठी-गुजराती, शिवाय मिझोराम-मणिपूरची चार-पाच मुलं आणि दोघे टांझानियाचे. त्या दोघांना उद्देशून ग्रुपवर कुणीतरी 'कालू' लिहून स्टिकर टाकले, खाली हसण्याच्या इमोजींची रांग. एका मिझो मुलीने लेखी तक्रार दिली आहे: तिला 'चिंकी' म्हणतात आणि मंडळात फक्त नाचापुरतं बोलावतात. अध्यक्षांचं म्हणणं, सगळ्यांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू. मंडळाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, याबद्दल अक्षरही नाही. कोणत्या क्रमाने करू?

फतेगंजकर:
समोरासमोर बसवू नका. साठ जणांच्या बाजूला एकटी मुलगी बसली की 'मला काही वाटलं नाही' एवढंच तिच्या तोंडून निघतं, आणि इतिवृत्तात 'प्रकरण मिटले' अशी नोंद पडते.

आधी पुरावा. चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा, स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मगच अॅडमिनने मेसेज उडवावा. बहुतेक मंडळं हे उलटं करतात, आणि आठवड्याने 'असं कुणी लिहिलंच नव्हतं' सुरू होतं. तक्रारीवर तारीख घालून त्याच दिवशी पोच द्या. तिला काय हवंय तेही तिलाच विचारा: शेरे थांबायला हवेत, कामाची वाटणी बदलायला हवी, की प्रकरण विद्यापीठाकडे न्यायचंय?

मग चौकशीला तिघे, त्यातला एक मंडळाबाहेरचा शिक्षक. ज्यांनी त्या स्टिकरवर इमोजी टाकले त्यांतलं कुणी नको (हे तपासायचं हमखास राहून जातं). दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका, दहा दिवसांत लेखी निर्णय द्या. पद काढणं, सभासदत्व स्थगित वा रद्द करणं एवढंच मंडळाच्या हातात आहे. त्यापुढचं विद्यापीठाचं काम.

जुना_कार्यकर्ता:
गंमत आणि द्वेष यात फरक असतो हो. अठरा-वीस वर्षांची पोरं आहेत. आणि रॅगिंगचे नियम फक्त नव्या मुलांसाठी असतात, उगाच तिकडे नेऊ नका.

फतेगंजकर:
तसं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. रंग, वंश, वांशिक ओळख, राष्ट्रीयत्व, प्रादेशिक मूळ, भाषा, जन्मस्थान, दिसणं यांवरून दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास रॅगिंगमध्ये येतो, वगळणं धरून. विद्यार्थी नवा असो वा जुना. म्हणजे मुद्दाम नाचापुरतं बोलावून बाकी कामांतून बाजूला ठेवलं असेल, तर तेही यात बसू शकतं. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते. याशिवाय यूजीसीच्याच २०१२ च्या समता नियमांखालचा समान संधी कक्ष आहे, तिथेही अर्ज देता येतो. धमकी किंवा मारहाण असेल तर मंडळाने चौकशी करत बसूच नये, थेट प्रॉक्टर (विद्यापीठाचे शिस्त बघणारे अधिकारी) आणि पोलीस.

मांडवीवाली:
प्रक्रिया बरोबर आहे, पण ती शेऱ्यांपुरतीच पुरते. खरी खोट कामाच्या वाटणीत असते. मागच्या दोन वर्षांच्या कामांची यादी काढा: हिशेब, निवेदन, प्रायोजक आणणं, मंच, स्वयंसेवक. प्रत्येकापुढे नाव लिहा. ईशान्येची मुलं लोकनृत्यात आणि आफ्रिकी मुलं फुटबॉल नि झेंड्याच्या मिरवणुकीत, एवढंच दिसलं तर तक्रार खरी आहे. उपाय साधा: पदांची सूचना सर्वांना एकाच दिवशी जावी, निकष लिहिलेले असावेत, अर्ज नावं झाकून वाचावेत. निवेदनासाठी 'शुद्ध मराठी' असा निकष ठेवायचा असेल तर तो त्याच कामापुरता ठेवा; खजिनदाराला त्याचं काय?

सूचना निदान हिंदी-इंग्रजीतही काढा. बैठक गुजरातीत रंगली की टांझानियाची मुलं नुसती बसून राहतात, आणि मग 'त्यांना रस नाही' असा शेरा तयारच असतो.

नाटुकल्यांची तालीम कार्यक्रमाआधी आठ दिवस, पूर्ण वेशभूषेत बघा. तोंडाला काळं फासून 'आफ्रिकन' उभा करणं नेमकं शेवटच्या रात्री घुसतं, आणि तेव्हा कापायला कुणी धजत नाही. आणि गीरकडचा सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या, पिढ्यान्पिढ्या इथेच राहणाऱ्या समाजातला) विद्यार्थी मंडळात आला तर त्याला 'तू कुठल्या देशाचा' विचारू नका. तो गुजरातचाच आहे आणि त्याची गुजराती तुमच्यापेक्षा बरी असेल.

नवा_सचिव:
माफी मागायला लावायची का? आणि घटनेत काय घालू?

मांडवीवाली:
भर सभेत अजिबात नको. त्यात अपमान झालेल्याला दुसऱ्यांदा उभं करता, आणि माफी मागणारा बाहेर येऊन वेगळा ग्रुप काढतो. लेखी माफी, ती मुलगी घ्यायला तयार असेल तरच.

फतेगंजकर:
कलम असं चालेल: 'वंश, रंग, जात, प्रदेश, भाषा वा राष्ट्रीयत्वावरून केलेली टिंगल, टोपणनाव किंवा कामातून वगळणे ही गैरवर्तणूक समजली जाईल. तक्रारीची पोच दोन दिवसांत, निर्णय दहा दिवसांत. तक्रारदारावर सूड घेतल्यास सभासदत्व रद्द.' सूडाचं वाक्य गाळू नका. तक्रार केल्यावर सरावाच्या वेळा न कळवणं हाच सूडाचा नेहमीचा प्रकार. घटनादुरुस्तीला किती मतं नि किती दिवसांची नोटीस लागते ते आधी बघा. तोवर कार्यकारिणीच्या ठरावाने हाच मजकूर लागू करा आणि ग्रुपच्या वर्णनात चिकटवा.