चंद्र दूर जातो म्हणजे गुरुत्वस्थिरांक घटतो का?

काहीजण म्हणतात की चंद्र वर्षाला ३.८ सेंमी दूर सरकतो, हाच गुरुत्वस्थिरांक (जी, म्हणजे गुरुत्वाकर्षण किती जोरकस हे ठरवणारा आकडा) घटल्याचा पुरावा. तसं नाही, ही भरती-ओहोटीची करामत आहे. पण शंका रास्त आहे. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या १९३७च्या कल्पनेप्रमाणे जी विश्वाच्या वयाच्या व्यस्त प्रमाणात घटत असता, तर निव्वळ त्यामुळे चंद्र वर्षाला सुमारे पावणेतीन सेंमी दूर गेला असता. (आपल्या नारळीकरांनी खगोलशास्त्रज्ञ हॉईलसोबत मांडलेल्या सिद्धांतातही घटत्या जीला जागा होती.)

मग दोन्ही परिणाम वेगळे कसे करायचे? अंतरासोबत परिभ्रमणकाळही बघायचा. भरतीमुळे अंतर १ टक्का वाढलं तर काळ दीड टक्का वाढतो. जी घटल्यामुळे तेवढंच वाढलं तर दोन टक्के. शिवाय जी घटल्याने चंद्राच्या कक्षेतल्या स्थानात पडणारा फरक काळाच्या वर्गाने साचतो, म्हणून अपोलो ११पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरची (आरशांवरची) लेझर-मोजणी जितकी जास्त वर्षं चालते तितकी धारदार. त्यातून जी घटण्याच्या दरावर निघालेली मर्यादा डिरॅकच्या दराच्या शेकडो पट खाली आहे.

प्रयोगशाळेत जी मोजणाऱ्या पीळ-तराजूचा (तारेला पडणाऱ्या पिळावरून बळ मोजणाऱ्या उपकरणाचा) इथे उपयोग शून्य. जीचं मूल्यच जेमतेम लाखात दोन भागांपर्यंत माहीत आहे, आणि वर्षाकाठचा बदल त्याहून कितीतरी सूक्ष्म असणार.